कपाटातले महारथी

जगाला वाचवायला निघालेल्या माणसाला निदान उभं राहता यावं, एवढीच माझी माफक अपेक्षा आहे. पण माझ्या काचेच्या कपाटातल्या महारथींना, म्हणजे हातपाय वळवता येणाऱ्या ॲक्शन फिगर बाहुल्यांना, तेवढंच जमत नाही. यांचा गुडघा वाकतो, मनगट फिरतं, कंबर वळते. खोक्यावर सांध्यांचा आकडा मोठ्या अभिमानाने छापलेला असतो. आता जितके सांधे जास्त, तितक्या पडायच्या तऱ्हा जास्त, हे खोक्यावर कोण छापणार?

घोटा केसभर आत, टाच केसभर बाहेर असं करत, श्वास रोखून एकेकाला उभं करायचं. बोट अलगद काढून घ्यायचं. मग दार लावायचं. दार ‘टक्’ वाजतं आणि मागच्या रांगेतला कुणीतरी पुढच्याच्या पाठीवर रेलतो. यांच्यात एकट्याने पडायची पद्धत नाही. सगळी फळी आडवी होते आणि सेनापतीच्या हातातली नखाएवढी तलवार कपाटाखाली जाते. ती शोधायला मी पालथा पडलो, की आई विचारते, “आता तूही पडलास का?”

लेगोचा माणूस तेवढा शहाणा. जेमतेम 4 सेंटीमीटर उंची, पाय चौकोनी, घोटा-बिटा काही भानगडच नाही. बाकीचे लोळत असतात आणि हा मधोमध हसत उभा.

उंच मागे, बुटके पुढे, हा नियम इथे चालत नाही. 1964 साली जी. आय. जो हा अमेरिकी सैनिक-बाहुला आला तो चांगला फूटभर उंच. 1978 ची स्टार वॉर्स सिनेमातली मंडळी आली पावणेचार इंची. तेव्हापासून प्रत्येकाचं माप वेगळं. माझ्याकडे नायक खऱ्या माणसाच्या एक षष्ठांश मापाचा आणि त्याचा कट्टर वैरी एक द्वादशांश. समोरासमोर ठेवले, की नायक त्याला कडेवर घेईल की काय असं वाटतं.

उन्हाळ्यात आणखी गंमत. यांचं पीव्हीसी प्लॅस्टिक मऊ पडतं आणि धडाच्या भाराने पाय हळूहळू कलतात. उपाय आहे: पाय गरम पाण्यात बुडवायचे, सरळ करायचे, लगेच थंड पाण्यात धरायचे. मी पातेलं घेऊन बसलो होतो तेव्हा आई दारात उभी राहून बघत होती. “माझ्या गुडघ्यांना कधी शेक दिलास का रे?” यावर काय बोलणार? मी राक्षसाचा दुसरा पाय बुडवला.

धूळ काचेआडही येते. दाराच्या फटी तिला पुरतात. मऊ ब्रशने मी एकेकाचा चेहरा झटकतो. मी बाहेरगावी गेलो, की हे काम आई करते, तेही “कसली ही थेरं” म्हणत. परत येऊन पाहावं तर राक्षस हात जोडून उभा असतो आणि दोन हाडवैरी गळ्यात गळे घालून. विचारलं तर म्हणते, “मी हातसुद्धा लावला नाही.”

काल नवा आला, पंखवाला. पंख पसरले की तिघांची जागा अडवतो. खोका रात्रभर टेबलावर होता. सकाळी मी कपाटासमोर उभा राहून कुणाला हलवावं याचा हिशेब करत होतो, तर आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, “अरे, पंख निघतात त्याचे. मागे खाच आहे बघ, अंगठ्याने जरा दाबायचं.”