'शर्करावगुंठित गोळी' म्हणणाऱ्या वाचकांस

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. एकोणिसाव्या शतकातले ख्रिस्ती मराठी लेखक बाबा पदमनजी यांच्यावरच्या लेखात मी म्हटलं होतं की आजच्या वाचकाला त्यांच्या धर्मचर्चेच्या पुस्तकांपेक्षा 'यमुनापर्यटन' ही कादंबरी जवळची वाटते. त्यावर तुम्ही लिहिता, "कादंबरी ही निव्वळ शर्करावगुंठित गोळी. गोळी ख्रिस्ती मताच्या मंडनाची, आणि तुम्ही साखर चघळत बसलात. मूळ ग्रंथ वाचलेले दिसत नाहीत."

आधी चूक कबूल करतो. पदमनजींच्या बाप्तिस्म्याचं साल मी 1855 दिलं होतं, ते 1854 हवं. दुरुस्ती केली आहे, आभार.

पण 'वाचलेले दिसत नाहीत' हे कशावरून ठरवलंत? मतभेदाचं मला वावडं नाही. समोरच्याने वाचलंच नसणार, असं धरून बोलायला सुरुवात करणं ही कुठली रीत? 'अरुणोदय' हे त्यांचं आत्मचरित्र मी तीनदा वाचलं आहे, माझ्या प्रतीच्या समासात पेन्सिलीच्या खुणा आहेत. या वयात कुणी माझी परीक्षा घ्यावी अशी इच्छा उरलेली नाही.

आता ती साखर. विधवाविवाहाचा कायदा 1856 सालचा, हे पुस्तक 1857 सालचं. कायदा झाला, तरी विधवांचं केशवपन करायला घरोघरी न्हावी यायचा थांबला नव्हता. पदमनजी यमुना आणि विनायकराव या जोडप्याला प्रवासाला नेतात आणि वाटेत ठिकठिकाणच्या विधवांचे हाल आपल्याला दाखवतात. मग विनायकरावच जातो. इतका वेळ दुसऱ्यांचं ऐकणारी यमुना आता त्यांच्यातलीच एक होते. यात गोड काय आहे, सांगा ना!

माझ्या आजोबांची बहीण तेराव्या वर्षी विधवा झाली. सोवळी होती, जन्मभर आलवण, म्हणजे विधवेचं लाल लुगडं, नेसली. आम्ही तिला आत्याआजी म्हणायचो. मी कॉलेजात असताना तिची नजर गेली होती, म्हणून दुपारी तिला काहीबाही वाचून दाखवायचो. त्यात हे पुस्तक आलं. केशवपनाचा विषय निघाला की तिचा हात पदराखाली डोक्यावर जायचा आणि तिथेच राहायचा. धर्माची चर्चा सुरू झाली की म्हणायची, "ते राहू दे रे, त्या पोरीचं पुढे काय झालं ते वाच." शेवटी यमुनेचं दुसरं लग्न होतं. ते ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलंन, "लुगडं कुठल्या रंगाचं नेसली, लिहिलंय का?" मी पानं मागेपुढे करून पाहिली. मला सापडलं नाही.

आत्याआजी ख्रिस्ती झाली नाही. तो विचारही तिच्या मनाला शिवला नाही, शेवटपर्यंत तुळशीला पाणी घालत राहिली. म्हणजे तुमच्या हिशेबाने गोळी लागू पडली नाही आणि पुस्तक वाया गेलं. त्या दुपारी मी तिच्याशेजारी बसलो होतो, तुम्ही नव्हता. आणि श्रद्धा नसती तर पदमनजींनी ही कादंबरी लिहिलीच नसती, हे मलाही मान्य आहे. पण लिहिणाऱ्याने कशासाठी लिहिलं आणि वाचणाऱ्याच्या हाती काय आलं, हे एकच असतं असं तुम्ही गृहीत धरता. माझा लेख वाचणाऱ्याबद्दल होता.

बाकीच्या मुद्द्यांत मला फारसं काही दिसलं नाही. पदमनजींनी शंभराच्या आसपास पुस्तकं लिहिली आणि त्यातली बहुतेक धर्मावरची, ही झाली मोजदाद. पहिली मराठी कादंबरी कुठली हा वाद वेगळा आहे, तो इथे ओढू नका. ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांचं नाव तुम्ही घेतलंत, पण ते माझ्याच बाजूने जातं. ख्रिस्ताचं नाव न घेणाऱ्या घरांतही 'फुलांमुलांचे कवी' म्हणून टिळक ओळखीचे आहेत, ते कवितेमुळे. पदमनजींना माझं म्हणणं रुचलं नसतं, असंही तुम्ही म्हणता. ते गेले 1906 साली. त्यांच्या वतीने बोलायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

पुन्हा जरूर लिहा. फक्त त्याआधी 'यमुनापर्यटन' एकदा हातात घ्या, आणि या खेपेला त्यातल्या बायका काय बोलतात तेवढंच वाचा.