आधी नळाला पाणी, मग ध्रुव?

सोलापूरच्या घरच्या ग्रुपवर मी एवढंच लिहिलं होतं की मार्चमध्ये स्वालबार्डला, उत्तर ध्रुवाजवळच्या नॉर्वेच्या बेटांवर, चाललेय. तिथल्या लाँगइयरब्येन गावात हिवाळ्याच्या अंधारानंतर सूर्य परत येतो तो दिवस बघायला. दादाचं उत्तर लगेच आलं. "इथं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. सरकार ध्रुवावर बंगले बांधतंय आणि आमची बहीण पैसे घालून बर्फ बघायला निघाली. आधी नळाला पाणी द्या म्हणावं, मग ध्रुवावर जा." खाली चुलतभावांचे, मावसभावांचे अंगठे.

त्या वाक्याचा मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. इथं नॉर्वेत, स्टावांगरच्या ऑफिसात, मात्पाक्के म्हणजे घरून आणलेला डबा उघडतानासुद्धा मनात दादालाच उत्तर देत असते. बंगले नाहीत रे तिथं. स्वालबार्डवरच्याच न्यू-ओलेसुंडला 'हिमाद्री' नावाचं आपलं एक केंद्र आहे, २००८ पासून, मोजके शास्त्रज्ञ राहतील एवढं. २०२३ च्या डिसेंबरात आपली माणसं तिथं पहिल्यांदा ऐन हिवाळ्यात, चोवीस तासांच्या अंधारात राहायला गेली. सोलापूरचं पाणी त्यांनी अडवलेलं नाही. उजनी ११७ टीएमसीचं धरण. ते भरलं त्या वर्षीसुद्धा आपल्या पेठेत रोज पाणी आलं नाही. समांतर जलवाहिनीच्या नुसत्या चर्चेत किती वर्षं गेली, हे दादाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आणि उजनी भरते कशानं? उन्हाळ्यात सगळं सोलापूर 'मायनस किती', म्हणजे धरण वापरायच्या साठ्याच्या किती खाली गेलं, असं विचारतं, पाऊस लागला की 'प्लसमध्ये आली का' विचारतं. वर पुण्याकडं पाऊस कसा होतो यावर आपलं वर्ष ठरतं. उत्तरेकडचा समुद्री बर्फ कमी होतोय त्याचा या मोसमी पावसाशी काय संबंध, हे शोधणं भारताच्या २०२२ च्या आर्क्टिक धोरणात लिहिलेलं आहे. त्याच्याही आधी, २०१४ साली, आपल्या शास्त्रज्ञांनी न्यू-ओलेसुंडजवळच्या कॉंग्सफ्योर्ड खाडीच्या पाण्यात 'इंडआर्क' हे वेधयंत्र सोडलं. नळाला पाणी हवं असणाऱ्या माणसानं या कामाला सगळ्यात आधी पाठिंबा द्यायला हवा. इथं स्टावांगरलाही बोमपेंगेवरून, म्हणजे रस्त्यांच्या टोलवरून, घरोघरी भांडणं झाली, पण म्हणून ध्रुवांचा अभ्यास करणाऱ्या पोलार इन्स्टिट्यूटला टाळं लावा असं कुणी म्हणालं नाही. एका वेळी दोन कामं होऊ शकतात यावर इथल्या माणसाचा विश्वास आहे. आपल्याकडं प्रत्येक गोष्ट दुसरीच्या आड घालायची सवय लागलीय, आणि त्यात दोन्ही राहून जातात.

मावसभावानं तर लिहिलं, "तेलावर पगार घेणारीनं बर्फाची काळजी करू नये." हो, माझा पगार खनिज तेलातूनच येतो, मी ते कधी लपवलेलं नाही. लाँगइयरब्येन हे गावसुद्धा कोळशाच्या खाणींवर उभं राहिलं. तिथली शेवटची नॉर्वेजियन खाण २०२५ मध्ये बंद झाली. अजूनही तिथं हॉटेलात शिरताना लोक दारातच बूट काढतात, ती खाणकामगारांच्या काळातली रीत. ज्यानं कोळसा काढला त्यानं बर्फाकडं बघूच नये, असं तिथं तरी कुणी मानत नाही.

मी नववीत असताना भूगोलाच्या बाईंनी आदिती पंत यांची गोष्ट सांगितली होती. नागपुरात जन्मलेली मराठी बाई, समुद्रशास्त्रज्ञ, १९८३ च्या मोहिमेतून अंटार्क्टिकाला जाऊन आली. बाहेर एप्रिलचं ऊन, पंखा बंद, आणि बाई त्या बर्फाबद्दल बोलत होत्या. तेव्हापासून ध्रुवाकडं जायचं मनात आहे. मधे नोकरी, घराचं कर्ज, आईचं आजारपण, सगळं झालं. आता जातेय.

लाँगइयरब्येनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटी सूर्य मावळतो. फेब्रुवारीत तो क्षितिजावर येतो, पण डोंगरांमुळं गावात ऊन पोचत नाही. ८ मार्चच्या सुमारास सगळं गाव जुन्या हॉस्पिटलच्या पायऱ्यांशी जमतं. त्या पायऱ्यांवर ऊन पडलं की सूर्य आला असं धरतात, पोरं त्याला हाका मारतात. मी सूर्याला शिव्या देत मोठी झालेली सोलापूरची पोरगी. मला त्या गर्दीत उभं राहायचंय.

आणि तिथल्याच डोंगरातल्या, जगभरचं बियाणं जपून ठेवणाऱ्या तिजोरीच्या दारापाशी जायचंय. आत सोडत नाहीत, दारच बघायचं. २००८ साली ती उघडली. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेनं ज्वारी, बाजरी, तूर, हरभऱ्याचं बियाणं तिथं ठेवलंय. सीरियातल्या युद्धात अलेप्पोची बियाणं बँक हातची गेली तेव्हा २०१५ मध्ये याच तिजोरीतून बी परत काढलं होतं. आमच्या जिल्ह्यात मोहोळच्या केंद्रावर मालदांडी ज्वारीचं वाण निवडलं गेलं, मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, आणि तरी दादा विचारतो सोलापूरचा ध्रुवाशी संबंध काय. कडक भाकरीची शेवटची थप्पी मी डब्यात तशीच ठेवलीय. तिथं शेंगाचटणीबरोबर खाईन.

एक गोष्ट ग्रुपवर लिहिली नाही. स्टावांगरमध्ये मला अजून विचारतात, मूळची कुठली. सोलापुरात रिक्षातून उतरते न उतरते तोच विचारतात, परत कधी जाणार. स्वालबार्डला बहुतेक सगळेच बाहेरून आलेले. थायलंड, फिलिपिन्सची माणसंही पुष्कळ. स्वालबार्डबद्दलच्या १९२० च्या पॅरिस करारावर, ब्रिटिशांच्या राज्यात का होईना, भारताचं नाव आहे. त्यामुळं माझ्या भारतीय पासपोर्टला तिथं राहण्याचा हक्क नॉर्वेच्या माणसाइतकाच आहे. तो पासपोर्ट मी इतक्या वर्षांत सोडलेला नाही. तो सोडला आणि सोलापूरला जायला मला कुणाची परवानगी काढावी लागली तर मला ते सहन होणार नाही. दादाला हे माहीत असतं तर तो तसं बोलला नसता, असं वाटतं. कदाचित बोललाही असता.

त्याची मुलगी बीएस्सीला आहे, वनस्पतीशास्त्र. तिनं मला वेगळा मेसेज केला, "आत्या, मी येऊ?" स्वालबार्डला व्हिसा नाही, पण वाट ऑस्लोवरून, आणि ती बेटं शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांच्या हद्दीच्या, बाहेर. म्हणून तिला दोनदा प्रवेशाचा शेंगेन व्हिसा मागावा लागेल. तिकीट माझ्याकडून. दादानं काल तिच्या व्हिसासाठी बँकेचं स्टेटमेंट पाठवलं. खाली परत तेच वाक्य, नळाला पाणी. मी दोन्हीला उत्तर दिलं.