महिन्यांच्या नावाचा तो मेसेज चुकीचाय, पुढे पाठवू नका

आपल्या सोलापुरातल्या पालकांच्या ग्रुपवर दोन दिवसांपासून एक मेसेज फिरतोय, की इंग्लिशमध्ये वार आणि महिन्यांची नावं वाक्याच्या मधे आली की स्मॉल लेटरने लिहायची आणि ऋतूंची मात्र कॅपिटलने. खरा नियम याच्या अगदी उलटाय.

संडे, मंडे, जानेवारी, ऑगस्ट ही विशेषनामं आहेत, वाक्यात कुठंही आली तरी पहिलं अक्षर कॅपिटलच. कुठलीही इंग्लिश डिक्शनरी उघडून बघा, तसंच छापलेलं असतं. जुलै हे नाव ज्युलियस सीझरवरून आलंय आणि ऑगस्ट रोमन सम्राट ऑगस्टसवरून, म्हणजे मुळात माणसांचीच नावं. समर, विंटर हे मात्र साधे शब्द, ते स्मॉल. म्हणजे मुलानं गड्ड्याच्या जत्रेवर (आपली जानेवारीतली सिद्धेश्वर यात्रा) निबंध लिहिला तर त्यात जानेवारी कॅपिटल आणि विंटर स्मॉल.

फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये महिने स्मॉलनेच लिहितात, पण तो नियम त्या भाषांचा, इंग्लिशचा नाही. आपल्या देवनागरीत कॅपिटल प्रकारच नसल्यामुळे पोरांचा आधीच गोंधळ होतो हो, त्यात असला मेसेज पाठ करून गेली तर मार्क उगाच जातात बिचाऱ्यांचे.

ज्यांनी फॉरवर्ड केलाय त्यांनी प्लीज डिलीट करा आणि त्याच ग्रुपवर हे टाका.