पाचशे पानांची कादंबरी आणि न वाचणारा मुलगा

साताऱ्यात राहणारा माझा भाचा यंदा सातवीत आहे. गोष्टी ऐकायला त्याला मनापासून आवडतात, पण पुस्तक हाती दिले की दोन पानांतच तो कंटाळतो, कारण एकेक ओळ लावता लावता गोष्टीचा धागा त्याच्या हातून सुटतो. अशा मुलांना आपण सरसकट आळशी ठरवतो, हे मला अन्यायाचे वाटते.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्यापुढे ब्रायन सेल्झनिक यांची 'द इन्व्हेन्शन ऑफ ह्यूगो कॅब्रे' ही २००७ सालची कादंबरी ठेवली. पाचशेहून अधिक पानांचा तो ठोकळा पाहून तो आधी बिचकला. मात्र छोट्याशा प्रस्तावनेनंतर पाने उलटत गेली तसा पेन्सिलीने रेखाटलेला चंद्र, पॅरिस शहर, रेल्वे स्टेशन, गर्दीतला एक मुलगा आणि घड्याळाच्या तबकडीमागून बाहेर पाहणारा त्याचा डोळा, असे सारे एकही शब्द न येता त्याच्यासमोर उलगडत गेले. मजकुरात येऊन गेलेलेच ही चित्रे पुन्हा दाखवत नाहीत. मजकूर थांबतो तिथून गोष्ट पुढे नेतात, त्यामुळे ती ओलांडून जाता येत नाही. पुढे मजकुराची पाने आली तेव्हा 'मामा, ह्याचा अर्थ काय?' असे विचारत, अडखळत का होईना, ती त्याने स्वतः वाचली. एवढे जाड पुस्तक संपवल्याचा आनंद त्याने आयुष्यात प्रथमच अनुभवला.

'नुसती चित्रं काय बघतोस, वाच की!' हे वाक्य घरोघरी ऐकू येते आणि माझा विरोध नेमका त्यालाच आहे. १९३८ पासून चित्रपुस्तकांसाठी दिले जाणारे अमेरिकेतील कॅल्डेकॉट पदक २००८ साली या कादंबरीला मिळाले, म्हणजे हे पदक देणाऱ्या तिथल्या ग्रंथपालांनीही तिच्यातील चित्रांना गोष्टीइतकेच महत्त्व दिले.

माझ्या पाहण्यातल्या मराठी किशोर कादंबऱ्यांत चित्र बहुधा प्रकरणाच्या आरंभी शोभेपुरते येते. छपाईचा खर्च मी जाणतो. तरीही पाचगणीजवळच्या भिलारला, २०१७ पासून पुस्तकांचे गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या गावात, गेलो की वाटते, एखाद्या प्रकाशकाने चित्रकाराला लेखकाच्या बरोबरीने बसवावे आणि अजिंक्यताऱ्यावरची पहाट, खाली पसरलेले शहर, एसटी स्टँड आणि त्या गर्दीतला एक मुलगा, एवढे सगळे त्याला शब्दांशिवाय सांगू द्यावे.