नवतप्यातला डॉग

जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवणाऱ्या लोकांचं कुत्र्याशी काय वैर आहे देव जाणे. कुठलंही पुस्तक उघडा, कुठलाही व्हिडिओ लावा, पहिला क्लास (म्हणजे एका जातीच्या ऑब्जेक्टचा साचा) अ‍ॅनिमल, दुसरा डॉग, डॉग एक्स्टेंड्स अ‍ॅनिमल, आणि मग तो डॉग भुंकतो. मी नागपूरच्या मिहानमध्ये इतकी वर्षं कोड लिहून राहिलोय, इन्व्हॉइस केले, जीएसटी केला, पगारपत्रकं केली, अजून एकाही क्लायंटने कुत्रा मागितला नाही.

तर नवतपा, म्हणजे मेअखेरचे भाजून काढणारे नऊ दिवस, चालू, पारा ४५ च्या वर, आणि भरदुपारी ताईचा फोन की सोनूची उद्या ओओपीची, म्हणजे ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगची व्हायवा आहे, तू त्यातलाच ना, ये न थोडा. तोंडाला दुपट्टा गुंडाळून त्रिमूर्तीनगरला पोचलो तर भाचा कुलरसमोर मांडी घालून, लॅपटॉपवर जावा उघडून बसलेला. डेफिनेशन मात्र पाठ. पॅरेंट क्लासच्या प्रॉपर्टीज चाइल्ड क्लासला मिळतात असं त्यानं धडाधड म्हणून दाखवलं, भाऊजींनी प्रॉपर्टी ऐकून पेपरातून डोकं वर काढलं, बेस्याच्या प्लॉटचं काही नाही हे कळल्यावर परत आत घातलं.

मग सोनूनं कोडची एक ओळ दाखवून खरा प्रश्न टाकला. अ‍ॅनिमल ए इज इक्वल टू न्यू डॉग. "मामा, हा ए अ‍ॅनिमल आहे का डॉग?"

इथेच सगळे अडकतात, पुस्तकवाले इथूनच पळ काढतात. मी म्हटलं, बघ, मेमरीत जो ऑब्जेक्ट बनला तो डॉगच, आणि ए म्हणजे ऑब्जेक्ट नाहीच, तो नुसता रेफरन्स, डॉग कुठे बसलाय त्याचा पत्ता. आता ए चा टाइप अ‍ॅनिमल आहे म्हणून ए डॉट बार्क लिहिलं की कंपायलर, म्हणजे कोड चालायच्या आधी तपासणारा, म्हणतो कॅनॉट फाइंड सिम्बॉल, कारण बार्क अ‍ॅनिमलमध्ये नाही.

"म्हणजे कुत्रा आहे, भुंकता येते, पण भुंकू द्यायचं नाही?"

"कंपायलर ए चा टाइप पाहतो, आत कोण बसलंय ते नाही पाहत. पण साउंड नावाची मेथड अ‍ॅनिमलमध्येही आहे आणि डॉगनं ती ओव्हरराइड केली, म्हणजे आपल्या पद्धतीनं परत लिहिली, तर ए डॉट साउंड म्हटल्यावर रन होताना डॉगचीच चालते."

"मग भुंकलाच ना शेवटी! काहून एवढी नाटकं?"

याला उत्तर नव्हतं. हे क्लास, सबक्लास प्रकरण डाल आणि न्यूगार्ड या दोघांनी नॉर्वेत ओस्लोला काढलं, सिम्युला ६७ या भाषेत. तिथल्या थंडीत सुचतं असं, मे महिन्यात आमच्या इथे असते तर वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारण्यापलीकडे काही सुचलं नसतं.

पुढचं संकट म्हणजे त्याचा प्रोग्राम. वर्गातल्या पोरांची लिस्ट छापायची होती तर वरपासून खालपर्यंत एकच नाव, वैभव, वैभव, वैभव. ताई म्हणे सगळे वैभव कसे काय रे. झालं असं की न्यू स्टुडंट पठ्ठ्यानं लूपच्या बाहेर लिहिलेलं, ऑब्जेक्ट एकच, लूपमध्ये त्याचंच नाव बदलून राहिला, आणि लिस्टमध्ये दर वेळी त्याच एकाचा रेफरन्स ढकलला, मग शेवटी जो आला तोच सगळीकडे दिसणार. सोनूच्या डोक्यात शिरेना. म्हटलं, तू घरात सोनू, कॉलेजच्या मस्टरवर अनिरुद्ध, सोनूची कटिंग केली की अनिरुद्धची होते का नाही? तर ताई आतून, "केव्हाची सांगून राहिली त्याले कटिंग कर म्हणून, तूच सांग आता!" त्यात पंधरा मिनिटं गेली, पण रेफरन्स समजला पोराला.

मग नल पॉइंटर एक्सेप्शन, म्हणजे रेफरन्समध्ये कोणाचाच पत्ता नसताना हाक मारली की येणारा एरर. टोनी होअर या ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञानं १९६५ साली नल रेफरन्स आणला आणि २००९ मध्ये ती आपली अब्ज डॉलरची चूक होती असं चारचौघांत सांगितलं. सोनूला हा माणूस फार आवडला, म्हणे एक्स्टर्नल परीक्षक असाच पाहिजे, ४४ वर्षांनी का होईना चूक मानणारा.

संध्याकाळी तर्री पोहे समोर आले, मी हात धुऊन बसलो, म्हटलं चला सुटलो. तर हा म्हणतो, "मामा, पण आमचं प्रॅक्टिकल सी प्लस प्लसमध्ये आहे न."

"मग दुपारपासून जावा काहून उघडलं बे?"

"यूट्यूबवर जावाचाच व्हिडिओ चांगला होता."

आता सी प्लस प्लसमध्ये सगळंच वेगळं. तिथे अ‍ॅनिमल ए मध्ये डॉग टाकला की रेफरन्स वगैरे काही नाही, सरळ कॉपी होते, आणि तीही फक्त अ‍ॅनिमलपुरती, डॉगचा जो जादाचा भाग असतो तो कापून टाकतात, मग मेथड व्हर्च्युअल (म्हणजे रन होताना आत कोण बसलंय ते पाहून चालणारी) असली तरी अ‍ॅनिमलचीच चालते. डॉग पूर्ण पाहिजे तर पत्ता ठेवणारा पॉइंटर घ्या नाहीतर अँपरसँडवाला रेफरन्स घ्या, आणि वरून व्हर्च्युअल लिहायला विसरू नका. पोह्याची प्लेट हातात धरून मी जरा मोठ्यानेच सांगितलं, "अरे, तिथे कुत्रा अर्धा कापला जातो, भुंकणारा भाग निघून जातो!"

आई देवाजवळ दिवा लावून राहिली होती, तिथूनच ओरडली, "संध्याकाळच्या टायमाले काय कापून राहिले रे तुम्ही?"