टाईप-सीची पिन बसली म्हणजे केबल चालली, असं नाही

आपल्याकडे लातूर-परभणीच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "आता कायद्याने सगळीकडे टाईप-सी आलंय. पिन बसली की कुठलीही केबल चालते, महाग घेणं म्हणजे लूट. फक्त 65 वॅटचा चार्जर साध्या मोबाइलला लावू नका, बॅटरी फुटते." लोक यावर विश्वास ठेवून खरेदी करतायत, म्हणून हे लिहितोय.

कायदा आहे, पण युरोपीय संघाचा. 28 डिसेंबर 2024 पासून तिथल्या नव्या मोबाइलना टाईप-सी सक्तीचं झालं. त्यात सगळ्या केबली सारख्या असल्याचं कुठेही म्हटलेलं नाही.

65 वॅटची भीती तर पार उलटी आहे. तो आकडा चार्जर जास्तीत जास्त किती देऊ शकतो, एवढंच सांगतो. टाईप-सीच्या 24 पिनांत दोन 'सीसी' पिना असतात. तिथे मोबाइलमधला 5.1 किलोओहमचा रेझिस्टर (विजेला ठरावीक रोध करणारा छोटा भाग) दिसेपर्यंत नियमाने बनवलेला चार्जर वीज सोडतच नाही. दिसला की आधी 5 व्होल्ट. मग 9, 15, 20 व्होल्टपैकी काय देता येईल ते चार्जर कळवतो आणि मोबाइल झेपेल तेवढंच मागून घेतो. काही स्वस्त ट्रिमर, टॉर्चमध्ये हा रेझिस्टर टाकलेलाच नसतो. ते सी-टू-सी (दोन्ही टोकांना टाईप-सी असलेल्या) केबलवर चार्ज होत नाहीत आणि गिऱ्हाईक चांगला चार्जर दुकानात परत आणून देतं.

आता केबल. 28 गेजची बारीक तार दोन मीटर घेतली तर जाऊन-येऊन जवळपास 0.85 ओहम रोध होतो. 2 अँपियरला 1.7 व्होल्ट तारेतच जातात, 5 मधले 3.3 उरतात. मोबाइल मग करंट कमी करतो. लाइट ठरावीक तासच असते त्या गावात बॅटरी अर्धीच भरते ती यामुळे, आणि दोष मोबाइलला लागतो.

साधी सी-टू-सी केबल 3 अँपियरची, म्हणजे 20 व्होल्टला 60 वॅट. 5 अँपियरसाठी केबलमध्येच ई-मार्कर चिप लागते, ती केबल किती झेपवते ते चार्जरला सांगते. ती नसेल तर 100 वॅटचा चार्जरही 60 वरच थांबतो. मोबाइलसोबत येणाऱ्या बऱ्याच केबलींत डेटाचा वेग सेकंदाला 480 मेगाबिट, त्यांतून टीव्हीवर चित्र जात नाही.

आणि वाईट केबल नुसती हळू चालते असंही नाही. 2016 मध्ये गूगलचे अभियंते बेन्सन लिउंग केबली तपासत होते. एकीत पॉवर आणि ग्राउंडच्या तारा उलट जोडलेल्या निघाल्या, त्यांचा लॅपटॉप निकामी झाला. पिन तिचीही व्यवस्थित बसत होती.

संभाजीनगरच्या पैठण गेट बाजारात केबल घ्याल तेव्हा 60 (3 अँपियर) किंवा 240 वॅट (5 अँपियर) छापलंय का बघा, आणि फक्त मोबाइलसाठी हवी असेल तर एक मीटरचीच घ्या.