वेगळी चूल आणि अठ्ठेचाळीस बार

रॅप ग्रुप सोडून सोलो अल्बम काढायला निघालास, ते झ्याक केलंस भावा. फुटून निघायची कोल्हापुरात जुनी परंपरा आहे. १९२९ साली शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर हे चौघं बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी सोडून बाहेर पडले आणि इथंच ‘प्रभात’ उभी राहिली. फक्त त्यांनी भांडवलाला सीताराम कुलकर्णी हे सराफ सोबत घेतले होते. तू सराफाच्या भानगडीत पडू नकोस. तुला फ्लेक्सवाला पुरे.

गाणी लिहायच्या आधी चौकात फ्लेक्स लाव. मध्ये तू, डोळ्यावर गॉगल, खाली बावीस शुभेच्छुक. तोच कापून अल्बमचं कव्हर कर. कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेलचं चौकोनी लागतं आणि त्यावर मोबाईल नंबर, इन्स्टाचं नाव असलं काही असलं की डिस्ट्रिब्युटर, म्हणजे गाणी अ‍ॅपवर चढवणारी कंपनी, परत पाठवतो. पाठवू दे. ‘कलाकाराचा आवाज दाबतात’ अशी एक पोस्ट तरी होईल.

आता लिखाण. ग्रुपमध्ये चौघं होता, तेव्हा गाण्यामागं तुझ्या वाट्याला १६ बार यायचे, एक बार म्हणजे चार ठोके. ९० बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ९० ठोक्यांच्या बीटवर (मागच्या तयार संगीतावर) ते ४३ सेकंदांत संपतात. उरलेला वेळ तू हात वर करून उभा असायचास. सोलो गाण्यात तीन व्हर्स (कडवी) म्हणजे ४८ बार, वर आठ बारांचा हुक (धृपद) तीनदा. एकूण ७२ बार, तीन मिनिटं बारा सेकंद. दहा गाण्यांच्या अल्बमला व्हर्सचेच ४८० बार झाले. तेवढं सांगण्यासारखं आपल्याकडं आहे का, हे तपासत बसू नकोस. ‘नाद खुळा’, ‘विषय हार्ड’, ‘जगात भारी’ आणि तांबडा-पांढरा या चार खांबांवर सोळा बार आरामात उभे राहतात. पुढच्या सोळांत तेच उलट क्रमानं घे.

श्वासाचं मात्र वेगळं आहे. ओळीचा शेवटचा शब्द बाकीचे तिघं ओरडायचे, तो तुला जोश वाटायचा. खरं तर ती तुझी दम घ्यायची जागा होती. जाणती माणसं दर चौथ्या बारच्या शेवटी एक-दोन ठोके मोकळे सोडतात, उड्या मारत अख्खा व्हर्स म्हणून बघतात आणि दम तुटेल तिथले शब्द काढतात. तू एकही शब्द काढू नकोस. दोन-दोन ओळी सुट्या रेकॉर्ड करून जोड. टोकं एकमेकांवर चढतात, श्वास कापला जातो आणि ऐकणाराच गुदमरतो. त्याला फ्लो, म्हणजे शब्दांची लय, म्हणायचं. शोसाठी मुख्य आवाज काढून फक्त हुक आणि मागचे आवाज ठेवलेला वेगळा मिक्स करून घेतात, तुला त्याचीही गरज नाही. पूर्ण गाणंच लाव. माइक खाली घेतलास तरी व्हर्स चालूच राहील, आई अंबाबाईची कृपा.

विषय कुठला घ्यायचा? अमेरिकेतला रॅपर आइस क्यूब पैशाच्या हिशेबावरूनच १९८९ च्या अखेरीला एनडब्ल्यूए या आपल्या ग्रुपमधून बाहेर पडला. न्यूयॉर्कला पब्लिक एनिमी या दुसऱ्या रॅप ग्रुपच्या संगीतवाल्यांबरोबर जाऊन बसला आणि १९९० च्या पहिल्या सोलो अल्बममध्ये जुन्या मित्रांवर गाणं केलंच नाही. त्यांनी डिवचल्यावर १९९१ मध्ये, दुसऱ्या अल्बमात, एका गाण्यात सगळं फेडलं. एवढा धीर आपल्याला शोभत नाही. तू दहापैकी नऊ गाणी त्या तिघांवरच कर. ज्यांनी त्यांची नावं कधी ऐकली नाहीत, त्यांनाही ती पाठ होतील.

बीट नेटवरून भाड्यानं घे, सगळ्यात स्वस्तातला. त्यात एकच एमपीथ्री मिळते, ड्रम आणि बेस सुटे मिळत नाहीत, मग आवाजाला जागा करता येत नाही. तोच बीट इचलकरंजीपासून इंदूरपर्यंत कुणीही घेऊ शकतं, म्हणून तू तो यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (कुणाचं संगीत कुणी वापरलं ते पकडणाऱ्या यंत्रणेत) स्वतःच्या नावानं नोंदव आणि भांडण लाव. कोल्हापुरी बाज हवा म्हणून वरून हलगी घे. हलगीवाला कातडं शेकून, ताणून तयार बसेल. त्याच्या कानात क्लिक, म्हणजे ठोके मोजून देणारा आवाज, तेवढा देऊ नकोस. रंगात आला की तो ९० वरून ९८ वर जातो, बीट ९० वरच राहतो.

आवाज घरात घे. भिंतींना वाकळा टांगल्या की घुमणं कमी होतं, तेवढं कर, पण पंखा बंद करू नकोस, घाम येतो. माइकपासून वीतभर अंतर आणि मध्ये पॉप फिल्टर (जाळी) ठेवला की ‘प’ आणि ‘भ’ फुटत नाहीत. पण ‘भावा’ फुटलाच नाही तर माणूस कोल्हापूरचा हे कळणार कसं? मास्टर, म्हणजे गाण्याची शेवटची फाइल, उणे ६ एलयूएफएसपर्यंत (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) चढव. स्पॉटिफाय तो उणे १४ वर उतरवतं. मोठेपणा जातो, चेपलेपणा तेवढा राहतो.

हिशेबावरून फुटलास ना? मग आताही काही लिहून घेऊ नकोस. १९५७ चा कॉपीराइट कायदा म्हणतो, हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी. मुदत लिहिली नसली तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसला तर फक्त भारत. हुक गाणाऱ्या पोरीला आणि बीटवाल्याला चहा पाज आणि ‘आपलंच हाय की’ म्हण.

स्पॉटिफायच्या प्लेलिस्टवाल्यांना गाणं रिलीजच्या किमान सात दिवस आधी दाखवायचं असतं. तू आदल्या रात्री अपलोड कर. सुरुवातीला दीड मिनिटाचा डायलॉग टाक. ऐकणं ३० सेकंदांनंतर मोजलं जातं आणि लोक विसाव्या सेकंदाला पळतात.

डिस्ट्रिब्युटरकडचं अकाउंट जुनंच वापर, पासवर्ड पाठ आहे. ते ग्रुपमधल्या ज्याच्या बँक खात्याला जोडलंय, पैसे तिकडंच जातील. आर्टिस्टच्या रकान्यात नवं प्रोफाइल उघडायचा कंटाळा आला तर यादीतलं पहिलं नाव निवड. शुक्रवारी सकाळी तुझा सोलो अल्बम ग्रुपच्या पानावर झळकेल आणि तिघंही एकदम स्टोरी टाकतील: ‘आपला नवा अल्बम आला, भावांनो.’